बँडसॉ तिरका कापतोय? ब्लेड बदलण्याआधी तुकडा बघा

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात दोन आडवे बँडसॉ आहेत, म्हणजे दोन व्हीलवर पट्ट्यासारखं फिरणाऱ्या दातेरी ब्लेडने धातू कापणारी मशीनं. व्हील आणि ब्लेड धरणारी चौकट म्हणजे धनुष्य, ते वरून खाली येत कापतं. एकावर २७ मिलिमीटर रुंदीचं ब्लेड चढतं, दुसऱ्यावर ३४चं. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून टेम्पो येतो, राउंड, म्हणजे गोल बार, उतरतात, आम्ही तुकडे करून फ्लँजवाल्यांना, व्हॉल्व्हवाल्यांना आणि फोर्जिंगवाल्यांना पाठवतो. धंदा एवढाच: मापात आणि गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, कापून देणं. त्यामुळे कटिंग बिघडलं की आमचं सगळंच बिघडतं.

पहिली कित्येक वर्षं माझ्याकडे प्रत्येक रोगाला एकच औषध होतं. ऑपरेटर म्हणायचा, "साहेब, ब्लेड गेलं," की मी नवं काढून द्यायचो. नव्या ब्लेडने चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. शेवटी काढून टाकलेली ब्लेडं एकदा उन्हात मांडून नीट पाहिली, तर अर्ध्याअधिकांचे दात चांगले होते. दोष मशीनचा होता, सेटिंगचा होता, एकदोनदा तर बाहेर मांडलेल्या रोलर स्टँडचा होता. तेव्हापासून गाळ्यात एक नियम आहे: आधी तुकडा बघायचा, मग कीस (कापताना निघणारा धातूचा चुरा), मग ब्लेड, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ब्लेडचा ताण वाढवला, फीड (ब्लेड मालात उतरण्याचा वेग) कमी केला, स्पीडही बदलला आणि कटिंग सुधारलं, तर सुधारलं कशामुळे हे पुढच्या वेळी कोण सांगणार?

तिरका कट

सगळ्यात जास्त तक्रार हीच, म्हणून इथे जरा थांबू.

बार व्हाइसमध्ये, म्हणजे मशीनच्या शिकंज्यात, पकडल्यावर, कापण्याआधी, त्याच्या डोक्यावर खडूने एक रेघ मारा. राउंडच्या बाबतीत तर हे हवंच, नाहीतर कापलेला तुकडा हातात आल्यावर वरची बाजू कुठली हे कळत नाही. तुकडा निघाला की बर (कडेला राहिलेली धारदार कोर) घासून काढा आणि गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, दोनदा लावा. एकदा रेघेच्या बाजूने, म्हणजे वरून खाली. दुसऱ्यांदा आडवा, म्हणजे पुढच्या जबड्याकडून मागच्या जबड्याकडे.

आडव्या दिशेत फरक असेल तर ब्लेडला हात लावू नका. तिथे व्हाइस ब्लेडशी काटकोनात नाही. बहुतेक वेळा स्थिर जबड्याचा बोल्ट सैल झालेला असतो किंवा जबडा आणि बार यांच्यामध्ये कीस अडकलेला असतो. अँगल कटिंगसाठी व्हाइस फिरवला होता आणि परत शून्यावर आणताना नुसत्या खुणेवर भरवसा ठेवला, हे तिसरं कारण. खूण ही अंदाजासाठी असते. गुण्याचं एक पातं स्थिर जबड्याला टेकवा, दुसरं ब्लेडच्या सपाट अंगाला, आणि मग बोल्ट आवळा.

वरून खाली फरक असेल तर अजून एक प्रश्न विचारायचा: तो फरक सरळ आहे की पोटाळ? गुण्याच्या पात्यामागे बॅटरी धरून उजेडात बघा. फट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सारखी वाढत गेली असेल तर ब्लेड पूर्ण वेळ तिरकंच उभं होतं, किंवा बारच तिरका होता. कट मध्ये फुगलेला किंवा खोलगट असेल, तर ब्लेड कापता कापता वाकलं आहे.

सरळ तिरक्या कटसाठी आधी ब्लेड पाट्याशी (बार टेकतो त्या सपाट बैठकीशी) काटकोनात आहे का ते तपासा. मेन स्विच बंद करा. गुण्या मशीनच्या पाट्यावर उभा ठेवून दोन गाइडच्या (ब्लेडला धरून सरळ ठेवणाऱ्या पकडींच्या) मध्ये ब्लेडच्या अंगाला लावा. तो दातांना टेकू देऊ नका. दात दोन्ही बाजूंना वळवलेले असतात, त्यांच्यावर टेकवलं तर माप खोटं येतं. फट दिसली तर गाइडचा स्क्रू सैल करून ब्लेड सरळ करा. गाइडचे कार्बाइडचे तुकडे झिजून त्यांत घळ पडली असेल, तर कितीही ॲडजस्ट केलं तरी ब्लेड त्या घळीतच जाऊन बसणार. ते बदलायलाच हवेत.

ब्लेड सरळ असूनही कट तिरका येतोय? मशीनच्या बाहेर जा. १०० मिलिमीटरचा एमएसचा (माइल्ड स्टीलचा, म्हणजे साध्या पोलादाचा) राउंड मीटरला साधारण ६१ ते ६२ किलो भरतो. सहा मीटरचा बार म्हणजे ३७० किलोच्या आसपास. तो ज्या रोलर स्टँडवर टेकलाय, ते मशीनच्या पाट्यापेक्षा खाली बसलं असेल तर बार शेपटीकडे उतरतो आणि ब्लेड कितीही सरळ असलं तरी कट तिरकाच येतो. आमच्याकडे पावसाळ्यात स्टँडखालची फरशी खचली होती. आम्ही महिनाभर ब्लेडांना शिव्या घालत होतो. पाण्याची लेव्हल लावल्यावर दहा मिनिटांत कोडं सुटलं.

आता पोटाळ कट. ब्लेड वाकण्याची कारणं याच क्रमाने बघा.

पहिलं, सरकणारा गाइड. मघाशी दीडशेचा बार कापला, तेव्हा गाइडचा हात बाहेर ओढला होता. आता चाळीसचा लावलाय आणि हात तिथेच आहे. दोन गाइडमधलं अंतर जितकं जास्त, तितकं ब्लेड लवचिक. हात जॉबच्या (कापायच्या मालाच्या) जितका जवळ आणता येईल तितका आणायचा, फक्त व्हाइसला लागणार नाही एवढं बघायचं. या एका सवयीने निम्म्या तक्रारी जातात, आणि हीच सवय ऑपरेटरला लावणं सगळ्यात कठीण.

दुसरं, ताण. मशीनवर गेज असेल तर त्यावरचा आकडा बघा. नसेल तर टेन्शन मीटर ब्लेडवरच लावता येतो. बायमेटल ब्लेडला (पाठ लवचिक पोलादाची, दात कडक पोलादाचे) साधारण २०० ते ३०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताण लागतो. नेमका आकडा ब्लेडच्या रुंदीवर आणि मशीनवर अवलंबून, तो ब्लेडवाल्याकडून घ्यावा. बोटाने टिचकी मारून आवाजावरून ताण सांगणारे कारागीर मी पाहिलेत. त्यांच्या कानाला माझा नमस्कार, पण मी मीटरच वापरतो. नवं ब्लेड दोनचार कटनंतर गरम होऊन थोडं लांबतं, तेव्हा ताण पुन्हा बघायचा. शिफ्ट संपली की ताण सोडायचा, विशेषतः सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी.

तिसरं, फीड. आमचं एक मशीन सकाळी गुण्यात कापायचं आणि दुपारी तिरकं. कारण हायड्रॉलिक तेल. तेल तापलं की पातळ होतं, व्हॉल्व्हमधून जास्त वाहतं आणि धनुष्य सकाळच्या सेटिंगवर दुपारी जास्त वेगाने खाली येतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली हे नक्की होणार. जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला कट घड्याळ लावून घ्या आणि सकाळच्या वेळेशी ताडून बघा.

चौथं, एका बाजूचे दात मेलेले असणं. ब्लेड कधीतरी व्हाइसच्या जबड्याला घासलं असेल, तर त्या अंगाचे दात बोथट होतात. मग ब्लेड नेहमी धारदार बाजूकडे ओढलं जातं. मशीन बंद असताना, मेन स्विच काढून, जाड हातमोजा घालून ब्लेडच्या दोन्ही अंगांना आगपेटीची काडी घासून बघा. धारदार बाजू काडी खरवडते, मेलेली बाजू गुळगुळीत सरकू देते. इथे मात्र ब्लेड बदलण्याला पर्याय नाही. कूलंटची (ब्लेड थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्याच्या मिश्रणाची) नळी एकाच बाजूला पडत असेल तरी हळूहळू हेच होतं, म्हणून नवं ब्लेड चढवण्याआधी दोन्ही नळ्या चालू आहेत का ते बघा.

१०० मिलिमीटरच्या राउंडला ०.२ ते ०.३ मिलिमीटरपर्यंतचा फरक आम्ही चालवून घेतो, कारण गिऱ्हाईक पुढे लेथवर फेसिंग करणारच असतं, म्हणजे तोंड सपाट करून घेणारच असतं. तुमच्या गिऱ्हाइकाला किती चालतो ते त्यालाच विचारा, नाहीतर नसलेल्या रोगावर औषध करत बसाल.

कीस काय सांगतो

ट्रेमधला कीस उचलून बघायला पैसे लागत नाहीत. चिमटीत धरताना हातमोजा घाला आणि मशीन थांबलेलं असू द्या, बस.

कीस चांदीसारखा, सैल वळलेला आणि कोमट असेल तर काही बदलू नका. पिठासारखा बारीक भुगा येत असेल तर दात धातूत शिरत नाहीयेत, नुसते घासताहेत. तिथे फीड वाढवा किंवा स्पीड कमी करा. कीस जाड, निळसर आणि हाताला चटका देणारा असेल तर उलटं करा, फीड कमी करा आणि स्पीडही उतरवा.

स्पीड म्हणजे ब्लेड मिनिटाला किती मीटर धावतं ते. पुलीवरच्या खुणांवर जाऊ नका, पट्टा सैल असेल तर त्या खुणा नुसत्या शोभेच्या. ड्राइव्ह व्हीलचा व्यास मोजा. ४०० मिलिमीटरचं व्हील एका फेऱ्यात साधारण १.२६ मीटर ब्लेड ओढतं. व्हीलवर खडूचा ठिपका करा आणि गार्ड बंद ठेवून टॅकोमीटरने फेरे मोजा. मिनिटाला ५० फेरे आले तर स्पीड ६३ मीटर.

बायमेटल ब्लेडने आम्ही एमएस ७० ते ८० मीटरवर कापतो, ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) साठाच्या पुढेमागे, ईएन २४ (मिश्र पोलाद) पंचेचाळीस-पन्नासवर, एसएस ३०४ (स्टेनलेस) तीस-पस्तीसवर आणि डी २ सारखं डायस्टील पंचवीस-तीसवर. हे कूलंट चालू असतानाचे आकडे. माल कडक असेल तर खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची. ॲल्युमिनियमला मशीनचा सगळ्यात वरचा स्पीडही चालतो, फक्त दातांच्या घळीत तो चिकटतो, म्हणून कूलंट आणि ब्रश दोन्ही ठणठणीत हवेत.

स्टेनलेसबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे भीती महाग पडते. एसएस कडक असतं असं ऐकून आमच्या एका नव्या पोराने फीड इतका कमी ठेवला की ब्लेड बारवर नुसतं चोळलं जात होतं. ३०४ सारखं स्टेनलेस घासलं, दाबलं की त्याचा पृष्ठभाग आणखी कडक होतो. प्रत्येक दात आधीच्या दाताने कडक करून ठेवलेल्या थरावर आपटतो. आठ कटात कोरं ब्लेड संपलं. स्टेनलेसला स्पीड कमी आणि फीड ठाम. दाताने प्रत्येक वेळी त्या कडक थराच्या खाली घुसायला हवं. कट अर्धवट असताना फीड थांबवून ब्लेड चालू ठेवणं हे तर स्टेनलेसमध्ये अजिबातच करू नये.

दात उडाले

दात झिजणं वेगळं आणि उडणं वेगळं. ओळीने पाचसहा दात गायब झाले असतील तर पहिला संशय टीपीआयवर, म्हणजे एका इंचात किती दात आहेत त्या आकड्यावर.

धातूत एका वेळी किमान तीन दात असायला हवेत. सहा ते बारा असले तर उत्तम. चोवीसच्या वर गेले की घळी किसाने भरून जातात. आता हिशोब करा. १०० मिलिमीटर म्हणजे जवळपास चार इंच. ३/४ टीपीआयचं ब्लेड, म्हणजे सरासरी साडेतीन दात, लावलं तर सर्वात रुंद जागी तेराचौदा दात लागतात, छान चालतं. ५० मिलिमीटरला ४/६, पंचविसाला ५/८ किंवा ६/१०, दोनशेला २/३. दोन आकडे यासाठी की दातांमधलं अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवलेलं असतं, त्यामुळे थरथर कमी होते.

पाइपमध्ये सगळे फसतात. पाइप बाहेरून ६० मिलिमीटर दिसतो, पण ब्लेड निम्म्यावर आलं की त्याच्या वाटेत फक्त दोन भिंती असतात, ४-४ मिलिमीटरच्या. सकाळी राउंडवर चाललेलं ३/४चं ब्लेड तसंच ठेवून मी एकदा दुपारी असा पाइप लावला. घाईचं काम होतं. दुसऱ्याच कटला खडखड झाली आणि इंचभर जागेतले दात साफ. पाइपला टीपीआय भिंतीची जाडी बघून निवडायचा. तीनचार मिलिमीटरच्या भिंतीला ८/१२ किंवा १०/१४. एवढ्या पातळ भिंतीत तीन दातांचा नियम काटेकोर बसत नाही, तिथे फीड हलका ठेवून निभावायचं. चॅनेल आणि अँगललाही हेच, आणि ते शक्यतो असे पकडायचे की ब्लेडला एकदम पातळ कड लागणार नाही.

टीपीआय बरोबर असूनही दात उडत असतील तर किसाच्या ब्रशकडे बघा. ब्लेड कटमधून बाहेर येतं तिथे तारेचा छोटा ब्रश फिरतो आणि दातांच्या घळीतला कीस झाडतो. तो झिजला की कीस घळीतच बसून गोल फिरून परत कटमध्ये जातो, तिथे दाबला जाऊन चिकटतो आणि पुढचा दात फोडतो. तारांची टोकं घळीच्या बुडापर्यंत पोहोचली पाहिजेत, त्याहून आत नकोत. ब्लेडच्या किमतीपुढे ब्रशची किंमत चहापाण्याइतकी, पण तो बदलायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

बंडल कापताना मधला एखादा बार सैल राहून फिरला तरी दात जातात. आम्ही बंडलची शेपटी वेल्डिंगचे टाके मारून बांधतो. आखूड तुकडा व्हाइसच्या एका कडेला पकडायचा असेल तर दुसऱ्या कडेला त्याच व्यासाचा तुकडा लावा, नाहीतर जबडा तिरका होतो आणि जॉब कटमध्ये वळतो.

नवं ब्लेड चढवताना

वेटोळं सोडताना चेहरा लांब, हातात जाड मोजे, डोळ्यावर चष्मा. ते स्प्रिंगसारखं उसळतं. चढवल्यावर दातांचं तोंड ब्लेड ज्या दिशेने धावतं त्या दिशेला आहे ना ते बघा. उलटं असेल तर ब्लेड आतलं बाहेर उलटवता येतं. मशीन पूर्ण थांबेपर्यंत आणि ब्लेड चालू असताना त्याच्या जवळ मात्र हातमोजा नको. मोजा दातात अडकला तर बोटासकट ओढला जातो.

कोऱ्या दाताची धार वस्तऱ्यासारखी पातळ असते. पहिल्याच कटला पूर्ण फीड दिला तर ती टोकं सूक्ष्म तुकड्यांनी मोडतात आणि ब्लेडचं आयुष्य तिथेच अर्धं होतं. म्हणून स्पीड नेहमीचा किंवा किंचित कमी ठेवा, फीड अर्ध्यावर आणा आणि पहिले चारपाचशे चौरस सेंटिमीटर असेच कापा. १०० मिलिमीटरच्या राउंडचा एक कट साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे पाच-सहा कट झाले. मग टप्प्याटप्प्याने फीड वाढवत नेहमीच्या जागी आणा. या वेळात पिठासारखा भुगा आला तर फीड थोडा वाढवा, नाहीतर धार बसण्याऐवजी घासली जाईल.

जुनं ब्लेड कटच्या मध्यात मेलं तर नवं त्याच खाचेत कधीही घालू नका. जुन्या ब्लेडने केलेली खाच अरुंद असते, नव्याचे दात तिच्यात अडकतात. शिवाय जुना मोडलेला दात आत बसलेला असू शकतो, आणि तो नव्या दातांइतकाच कडक. बार अर्धा वळवून दुसऱ्या बाजूने कापा, किंवा थोडं सरकवून नवा कट घ्या.

ब्लेड तुटलं तर तुकडे फेकू नका

तुटलेल्या जागेवर कारण लिहिलेलं असतं.

जोडावर तुटलं तर वेल्डिंग. एकदाच झालं तर सोडून द्या. एकाच गठ्ठ्यातली दोनतीन ब्लेडं जोडावर गेली तर जोडून देणाऱ्याला दाखवा. जोड नीट नरम केला नसेल तर तो काचेसारखा ठिसूळ राहतो.

पाठीकडून चीर सुरू झाली असेल तर पाठ कुठेतरी घासतेय. ब्लेडची पाठ व्हीलच्या कडेला चिकटून धावत असेल तर व्हीलचं ट्रॅकिंग, म्हणजे व्हीलवर ब्लेड धावण्याची जागा, नीट लावा. पाठ आणि कड यांच्यात साधारण १ ते १.५ मिलिमीटर फट असावी. किंवा पाठीला टेकू देणारा रोलर झिजून त्यात खाच पडली असेल, तो फिरवून बघा.

दातांच्या घळीतून चीर निघाली असेल तर ब्लेडवर भार जास्त: ताण जास्त, फीड जास्त, किंवा लहान व्हीलवर जाड ब्लेड. रोज रात्री ताणात ठेवलेलं ब्लेडही असंच थकतं.

आवाज

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे फक्त कान आणि घड्याळ लागतं.

ब्लेड ६० मीटर स्पीडने धावत असेल तर ते सेकंदाला एक मीटर जातं. आमच्या २७च्या मशीनवरचं ब्लेड साडेतीन मीटर लांब आहे, म्हणजे त्याचा एक फेरा साडेतीन सेकंदांचा. 'टक' असा आवाज दर साडेतीन सेकंदांनी येत असेल तर दोष ब्लेडवर आहे: जोडाचा उंचवटा गाइडमध्ये अडतोय किंवा एक दात गेलाय. तोच आवाज सव्वा सेकंदाने (४०० मिलिमीटरच्या व्हीलचा एक फेरा) येत असेल तर दोष व्हीलमध्ये, बेअरिंग किंवा कडेवर चिकटलेला कीस. तुमच्या ब्लेडची लांबी आणि व्हीलचा घेर घेऊन हाच हिशोब करा.

सतत किंचाळणं आणि कटवर धुण्याच्या फळीसारख्या लाटा दिसणं म्हणजे थरथर. स्पीड थोडा खालीवर करून बघा, पाचदहा मीटरच्या फरकानेही ती बऱ्याचदा जाते. नाहीच गेली तर गाइड सैल आहेत किंवा जॉब व्हाइसमध्ये नीट पकडलेला नाही.

कूलंट

पाण्यात तेल घालायचं, तेलात पाणी नाही. उलट केलं तर मिश्रण फाटतं. ५० लिटरच्या टाकीला ८ टक्के म्हणजे ४६ लिटर पाणी आणि ४ लिटर तेल. आम्ही ८ ते १० टक्क्यांवर ठेवतो. मिश्रणाचा दाटपणा दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा तसाच टक्का समजू नका, तेलाच्या डब्यावर गुणक दिलेला असतो, त्याने गुणा. उन्हाळ्यात पाणी उडून मिश्रण घट्ट होतं, तेव्हा नुसतं पाणी न ओतता दोनतीन टक्क्यांचं पातळ मिश्रण ओतावं.

आमच्या गाळ्याला शुक्रवारी सुट्टी असते आणि शनिवारी सकाळी शटर उघडलं की कूलंटचा वास सांगतो आठवडा कसा गेला. मशीनचं गळणारं हायड्रॉलिक तेल वर साय धरतं, खाली हवा जात नाही आणि जंतू माजतात. ती साय आठवड्याला काढा, टाकीच्या तळाचा कीस उपसा आणि सुट्टीनंतर पंप दहा मिनिटं रिकामा फिरवा. खाडीची दमट हवा आणि जुलै महिना असेल तर पातळ कूलंटचे तुकडे दुसऱ्या दिवशी गंजून तांबूस झालेले दिसतात, मग गिऱ्हाइकाचा फोन येतोच. खराब झालेलं कूलंट गटारात ओतू नका, अधिकृत कचरावाल्याकडेच द्या.

लांबी कमी भरतेय

ब्लेड १.१ मिलिमीटर जाड असलं तरी दात बाहेर वळवलेले असल्यामुळे खाच दीड मिलिमीटरच्या वर जाते. शंभर तुकडे म्हणजे पंधरा-सोळा सेंटिमीटर माल किसात गेला. बारमधून किती तुकडे निघतील हे सांगताना हा हिशोब धरायचा. तुकड्यातुकड्यात माप बदलत असेल तर बारची लांबी ठरवणाऱ्या स्टॉपरच्या तोंडावर कीस बसलाय किंवा व्हाइस आवळताना बार मागे सरकतोय. पहिल्या तीन तुकड्यांना व्हर्नियर लावा, मग दर वीस तुकड्यांनी एकाला.

मशीन उलटं फिरतंय

हे ऐकून हसू येतं, पण आमच्याकडे झालं आहे. पावसाळ्यात बाहेर केबलचं काम झालं, लाइट आली, मशीन चालू केलं. धनुष्य उचलत नव्हतं, हायड्रॉलिकला प्रेशर नव्हतं. आम्ही पंप उघडायला निघालो होतो. तेवढ्यात एकाच्या लक्षात आलं की ब्लेड उलट्या दिशेने धावतंय. केबल जोडताना फेज अदलाबदल झाले होते, त्यामुळे थ्री-फेजच्या सगळ्याच मोटारी उलट्या फिरत होत्या. दात उलटे घासून एक ब्लेड वाया गेलं. कुठलंही केबलचं काम झालं की बार न लावता मशीन क्षणभर चालू करून दिशा बघा. फेज सीक्वेन्स रिले (फेजचा क्रम चुकला तर मशीन चालूच होऊ न देणारा) लावून घेतला तर हा प्रश्नच येत नाही. आम्ही आता लावलाय.

ब्लेड कटमध्ये अडकलं

काही मालात, विशेषतः चॅनेल किंवा ब्राइट बारमध्ये (थंड ओढून काढलेल्या चकचकीत बारमध्ये), आतला ताण कापल्यावर सुटतो आणि खाच मिटून ब्लेड चिमटीत धरते. मोटार घुमायला लागली की लगेच बंद करा. जोर लावून धनुष्य उचलू नका आणि ब्लेड परत चालू करून सोडवायचा प्रयत्न तर नकोच. मेन स्विच काढा, ब्लेडचा ताण सैल करा. कटच्या तोंडाशी पातळ पाचर हळूच ठोकून खाच उघडा, मग धनुष्य वर घ्या. काढलेल्या ब्लेडचे दात अडकलेल्या जागी हाताने तपासा. दोनतीन दात उडालेले असतील तर ते ब्लेड पुन्हा चढवू नका, शेजारचे दात तो भार घेत एकेक करून जातील. पुढच्या वेळी तोच माल आला की कट दीडदोन इंच आत गेल्यावर मशीन थांबवून खाचेत पाचर घालून ठेवा, मग पुढे कापा.

आमच्या मशीनच्या कंट्रोल बॉक्समध्ये अशा दोन पितळेच्या पाचरी दोरीने बांधून ठेवल्या आहेत. दोरी यासाठी, की आधीच्या चार शेजारच्या गाळ्यात गेल्या त्या परत आल्या नाहीत.